ट्रॅक्टरकडे पाठ करून

शालिक, ट्रॅक्टर निघाला ते तुले मालूमच आहे, तूच काढला. पण तो अजून धुतला नाही, हे तुले मालूम नसेल. अंगणात लिंबाखाली उभा आहे. मागच्या चाकांवरचा चिखल वाळला, त्याला भेगा पडल्या, काही पोपडे गळून खाली पडले. शोभा दोनदा बादली घेऊन गेली आणि दोनदा मी तिच्या हातातून बादली काढून घेतली. ती म्हणाली, पूजा करता काय आता त्या चिखलाची?  डाव्या मडगार्डवर तुझ्या हाताचा पंजा उमटला आहे. खाली उतरताना तू टेकवला होता. पाचही बोटं दिसतात, पाऊस आला की मी वरून ताडपत्री टाकतो. त्यावर पाणी कसं ओतू, तूच सांग.

लिहायला बसलो की हाताला शाळेतली भाषा येते. आपण दोघं अशा भाषेत कधी बोललो नाही. तू असता तर म्हणाला असता, काय बे पुंड्या, तहसीलदाराले अर्ज करून राह्यला का? अर्जच समज. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मित्राला चिठ्ठी लिहावी अशी आपल्या गावात रीत नाही. पण एक गोष्ट माझ्या घशात अडकून बसली होती, आणि ती पहिल्यांदा तुला सांगायला पाहिजे होती. ते राहून गेलं. म्हणून हे लिहून राह्यलो.

तुझ्याजवळ स्वतःचा ट्रॅक्टर कधी नव्हता. दीड एकर धान, एक बैलजोडी आणि तलावात जाळं टाकायचा वाटा, एवढाच तुझा पसारा. पण धान लावायचे, रोवण्याचे दिवस आले, शेताच्या बांध्यांमध्ये चिखलणी सुरू झाली, की आजूबाजूच्या पाच गावांत कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर फसणारच. फसला की माणूस तुझ्या दारात उभा. शालिकभाऊ, फसला, एवढंच म्हणायचा. तू जेवत असला तर जेवण पुरं करायचा, हात धुवायचा, दाराआडचा फावडा खांद्यावर घ्यायचा आणि निघायचा. घाई म्हणून तुला ठाऊकच नव्हती. बोलवायला आलेला माणूस पुढे पळायचा आणि वळून वळून तुझी वाट पाहायचा.

तिथं गेल्यावर तू पहिलं काम काय करायचा, हे आता लहान पोरांनाही पाठ आहे. चिखलात उतरायचा, ट्रॅक्टरवर चढायचा, चाबी काढायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मग बांधीच्या काठाला धुऱ्यावर येऊन बसायचा, ट्रॅक्टरकडे पाठ करून. मालक सरपंच असला तरी त्यालाही तसाच पाठ करून बसवायचा. चहा मागवायचा, तुझ्यासाठी कोरा. चहा पिऊन होईस्तोवर कोणी फावड्याला हात लावायचा नाही, आणि तिकडे पाहायचंही नाही.

"पाहू नको बे त्याच्याकडे," तू म्हणायचा. "लाजून राह्यला तो."

नवीन लोक हसायचे. मी पण हसलो होतो पहिल्यांदा. पण फसलेल्या माणसाचं डोकं तापलेलं असतं, हे तुला पक्कं माहीत होतं. तापल्या डोक्याने तो आणखी रेस देतो, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि हातभर खड्ड्याचा दोन हात खड्डा होतो. अर्धा तास पाठ करून बसलं की माणूस थंड होतो, चिखल बसतो, पाणी कोणत्या बाजूने झिरपतं ते दिसायला लागतं. मग तू उठायचा. खालच्या बाजूचा धुरा फोडून पाणी काढून द्यायचा, चाकांमागे उतार खोदायचा, त्यात धानाचं तणस आणि पळसाच्या फांद्या दाबून भरायचा. आणि ज्या वाटेने ट्रॅक्टर आत शिरला त्याच वाटेने मागे घ्यायचा, रिव्हर्समध्ये, अगदी हळू. पुढे काढायचा प्रयत्न तू कधी केला नाही. पुढची जमीन कोनी पाहिली, म्हणायचा. मागची तं त्यानं स्वतः पाहिली आहे.

ही विद्या तू धानोऱ्याकडून आणली होती. लग्नाआधी चार वर्षं तिकडे बांबू वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर होता. जंगलातल्या नाल्यांत ट्रॉली फसायची, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गोंडबाबाने तुला हे पाठ करून बसणं शिकवलं. त्याचं नाव तुला शेवटपर्यंत आठवलं नाही. त्याचा चेहरा आठवते पन नाव नाई, असं तू दर रोवण्याला एकदा तरी म्हणायचा आणि हळहळायचा. चहाचा पहिला घोट तू जमिनीवर सांडायचा तो त्याच्या नावाने, नाव माहीत नसताना. हे फक्त मला सांगितलं होतं.

माझ्या लग्नात तर तू कहर केला. नवरी घेऊन परत येत होतो, आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता, आणि ट्रॉलीसकट वऱ्हाड नाल्यात फसलं. तू नवा कोरा पांढरा सदरा घातलेला. उतरला, चाबी काढली, आणि सगळं वऱ्हाड काठावर नेऊन ओळीने बसवलं, नाल्याकडे पाठ करून. बॅन्डवाल्यांनाही. शोभाचा मामा भडकला, म्हणाला आमची पोरगी काय उन्हात बसवायला दिली आहे का? तू त्याचा हात धरला आणि त्यालाही बसवलं. जवळच्या गावातून गंजभर चहा आला. तासाभराने तू डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने भरून नाल्यातून वर आला, दात तेवढे पांढरे. शोभाने मला धड पाहायच्या आधी तुला पाहिलं. मला हळूच विचारलं, हे कोन? मी म्हटलं, माझा मित्र. ती म्हणाली, मले वाटलं नाल्यातच राहतात. तीस वर्षं तू ही गोष्ट सांगत आला आणि दर वेळेस मामाचा राग थोडा वाढवत आला. परवा तेरवीच्या जेवणात कोणीतरी ती काढली. शोभा उठून आत गेली.

आपलं भांडण तेवढं अर्धवट राहिलं. मी जुना का होईना ट्रॅक्टर घेतला तेव्हापासूनचं भांडण. मी म्हणायचो, यंत्राला जोर आहे तर वापरायला पाहिजे. तू म्हणायचा, इंजिनात जोर आहे तुझ्या, पन खाली जमीनच नाई तं कोनावर जोर करशील? तलावाच्या पाळीखालच्या माझ्या बांधीचा तो कोपरा, तिथं ट्रॅक्टर घालू नको असं तू दर वर्षी बजावायचा. तिथं तलावाचं पानी खालून येते, तिथं बैल घाल, माझी जोडी ने. मी म्हणायचो, बैलाचे दिवस गेले. तू म्हणायचा, बैलाचे गेले पन त्या कोपऱ्याचे नाई गेले. मी दर वर्षी ट्रॅक्टर घालायचो. कधी निघायचा, कधी फसायचा. फसला की तू यायचा, पाठ करून बसायचा, आणि म्हटलं होतं ना, असं एकदाही म्हणायचा नाही. मला वाटायचं, एखाद्या वर्षी तरी म्हणावं बे यानं. मग मी पण चार गोष्टी सुनावल्या असत्या.

दोन उन्हाळ्यांमागे तुझ्या छातीत कळ आली तेव्हा चंद्रपूरला मीच घेऊन गेलो होतो. बसमध्ये तुला खिडकीजवळ बसवलं, बसस्टॅन्डवरून ऑटो केला. डॉक्टरसमोर आपण तिघं बसलो होतो, तू, मी आणि यमुनावैनी. डॉक्टरने साफ सांगितलं, वजन उचलायचं नाही, खोदायचं नाही, जोराचं काम बंद. तू मान हलवली. वैनीने माझ्याकडे पाहून विचारलं, भाऊ, तुमी आयकलं ना? मी म्हटलं, ऐकलं. पुढच्या रोवण्याला फावडा पुन्हा तुझ्या खांद्यावर होता. मी अडवलं नाही, कारण त्या वर्षी पहिला फसलेला ट्रॅक्टर माझाच होता.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून नाही.

दुपारी बारा वाजता त्याच कोपऱ्यात माझा ट्रॅक्टर फसला. मागची चाकं गुडघाभर गेली असतील, जास्त नाही. शोभा तुला बोलवायला आली. तू आला, पण उशिरा आला, आणि मध्ये दोनदा धुऱ्यावर थांबला, ते मी पाहिलं होतं. चाबी काढली, खिशात टाकली, पाठ करून बसला. चहा झाला. मग उठायच्या ऐवजी म्हणाला, "आज नाई पुंड्या. छाती जड वाटून राह्यली. धुरा फोडून ठेव, पानी निघू दे. सकाळी येतो, दहा मिनिटाचं काम आहे."

माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचा रोवणा होता. वीस बाया सांगून ठेवल्या होत्या. धानाची रोपं, पऱ्हे उपटून, जुड्या बांधून पाण्यात ठेवले होते. सकाळी बांधी तयार नसली तर बाया दुसऱ्याच्या रोवण्याला जातील आणि आठ दिवस हाती लागणार नाहीत, पऱ्हे सडतील, असा सगळा हिशेब डोक्यात गरगर फिरत होता. मी शोभासमोर म्हणालो, "तुझी छाती बरोबर माझ्याच कामाच्या वक्ताले जड होते."

तू हसला. खरंच हसला, रागावला नाही. खिशावर हात ठेवून म्हणाला, "चाबी माझ्याजवळ आहे. हात लावू नको त्याले." आणि गेला. शोभा मला बोलली, असं बोलतात काय दुखणाऱ्या माणसाले? मी तिलाही घरी पाठवलं.

एकटाच उरलो तिथं, शालिक. धुरा फोडला, पाणी निघायला लागलं. तेवढंच करून घरी गेलो असतो तर हे लिहायची पाळी आली नसती. पण मी ट्रॅक्टरकडे पाहत बसलो. तू सांगितलं होतं पाहू नको, आणि मी एकटक पाहत बसलो. जितका पाहिला तितका राग चढला. माझ्या ट्रॅक्टरचं चाबीचं भोक झिजलं आहे, हे तुलाही माहीत होतं. टूलबॉक्समधला पेचकस काढला, घातला, फिरवला. चालू झाला. आणि मी रेस दिली, पुढे. मागे नाही, पुढे. एकदा नाही, पाच-सहा वेळा. चाकं गरगर फिरली, चिखल मागे उडाला, आणि ट्रॅक्टर माझ्याखालून बसत गेला. त्याचं पोट चिखलाला टेकलं. इंजिन बंद करून खाली उडी मारली.

तुझं घर पाळीच्या पलीकडे. बाजेवर पडल्या पडल्या तू तो आवाज ऐकला असणार. चाक जमीन धरून चालतं तेव्हाचा आवाज आणि रिकामं फिरतं तेव्हाचा आवाज, तुला झोपेतही वेगळा कळायचा. चार वाजायच्या सुमारास मी पाहिलं, पाळीवरून तू येत होता. खांद्यावर फावडा होता. कोणी बोलवायला गेलं नव्हतं.

मी काय म्हणालो आठवते ना? तू काही विचारायच्या आधीच म्हणालो, आपोआपच खाली बसला बे. तू ट्रॅक्टरकडे पाहिलं. मागे दहा हातांवर पळसाच्या बुंध्याला चिखल लागला होता, अजून ओघळत होता. आपोआप बसलेल्या ट्रॅक्टरचा चिखल पळसावर कसा जाईल? मी तुझी नजर त्या पळसावर गेलेली पाहिली.  गावातले सहा-सात जण जमले, दुपारी तिकडून गेलेल्या दशरथने विचारलं, इतका खाली कसा काय गेला? दुपारी तं चाकंच बुडाले होते. तू म्हणाला, "जमीनच बसली इथली. तलावाचं पानी खालून येऊन राह्यलं." एवढं बोलून ट्रॅक्टरवर चढला, आमच्याकडे पाठ करून काहीतरी केलं, आणि उतरला. मला वाटलं, सवयीने चढला. त्या दिवशी तू कोणाला बसवलं नाही. चहाही मागवला नाही. अंधाराच्या आत ट्रॅक्टर काढायचा होता.

मी म्हटलं, तू वर बस, मी खोदतो. तू म्हणाला, "तुले जागा नाई कळनार." मी हे एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला पाहिजे होतं. तुझ्या हातातला फावडा ओढून घ्यायला पाहिजे होता, डॉक्टरची आठवण द्यायला पाहिजे होती, सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे होतं की हे मी केलं, याला खोदू देऊ नका. पण सांगितलं तर दशरथ हसला असता. त्या हसण्यासाठी मी गप्प राहिलो. एवढ्याशा गोष्टीसाठी.

तीन तास तू त्या चिखलात होता. आम्ही घमेली वाहिली, तणस आणलं, फांद्या तोडल्या, पण पोटाखालचा चिखल तूच काढला, आडवा होऊन, हाताने. मध्येच थांबायचा, चाकाला डोकं टेकायचा आणि पुन्हा खोदायचा. मग सीटवर बसला, आणि ट्रॅक्टर ज्या वाटेने गेला त्याच वाटेने इंचाइंचाने मागे आणला. सगळ्यांनी ओरडून गलका केला. तू मडगार्डवर हात टेकून उतरला, कालव्यात पाय धुतले आणि धुऱ्यावर बसला, ट्रॅक्टरकडे पाठ करून. छातीवरून हात फिरवत होता. मला वाटलं, चिखल पुसून राह्यला.

"बाया येऊ दे उद्या," तू म्हणाला. "रोवणा करून घे."

मी हो म्हटलं. बाकी काही नाही. थकला असशील, असंही नाही म्हटलं. खरं सांगायचं होतं ते सकाळी सांगू, असं मनात ठरवलं. सकाळी तुझ्या घरी जाऊ, दोघंच असू, तू शिव्या देशील, मी ऐकून घेईन, आणि वैनी चहा आणेल. तू आपल्या पायांनी पाळ चढून घरी गेला. मी पाहत होतो. शेवटचं पाहून राह्यलो हे कोणाला कळतं?

सकाळी आवाज आला तो रडण्याचा. मी चप्पल न घालता धावलो.

गावात मैत झाली की कोणी शेतात उतरत नाही. बाया आल्या नाहीत. मला वाटलं पऱ्हे गेले. पाचव्या दिवशी शोभाने बाया बोलावल्या, मी गेलो नाही. संध्याकाळी तिने सांगितलं, सगळे लागले. पाण्यात ठेवलेल्या जुड्यांना काहीच झालं नव्हतं, शालिक. चार दिवस जास्त राहिले आणि काही झालं नाही. आता तो कोपरासुद्धा हिरवागार दिसतो म्हणते. मी त्या बांधीकडे जायचं सोडलं आहे.

कधी कधी तुझाच राग येतो. काऊन आला बे तू? बाजेवरून काऊन उठला? आवाज आला तर येऊ द्यायचा होता, या गाढवाला रात्रभर तिथं बसू द्यायचं होतं, अक्कल आली असती. आणि आला तर आला, मला सगळ्यांसमोर दोन शिव्या तरी घालायच्या होत्या. तू माझी लाज झाकली आणि स्वतः निघून गेला, आणि ती झाकलेली लाज आता माझ्याजवळ आहे, तिचं काय करू? मग राग उतरतो आणि तू वऱ्हाडासमोर चिखलाने भरून उभा आहे असा दिसतो, दात काढून हसताना. तीस वर्षं तू माझ्या एका हाकेच्या अंतरावर होता. कोणाच्या नशिबात असं असतं? हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असता, दारू प्याला का बे?

तेरवीपर्यंत मी रोज तुझ्या घरी जात होतो. लाकडं, पाणी, पाहुण्यांचं बसणं-उठणं, सगळं पाहत होतो. तुझी पोरगी राजुऱ्याहून आली होती, ती माझ्या गळ्यात पडून रडली. पण वैनी माझ्याकडे पाहत नव्हती. मी घरासमोरच्या सपरीत आलो की तोंड भिंतीकडे करायची. बाकी सगळ्यांशी बोलायची, दशरथशी, शोभाशी. माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवायची, तेही दुसरीकडे पाहत. मला वाटलं, हिला कळलं आहे. ही मला तुझ्या मरणाचा धनी समजते, आणि बरोबर समजते. शोभाला मी तसं म्हटलं नाही, पण तुझ्या घरचा भात ताटात तसाच ठेवून उठायचो.

काल गेलो. घरात कोणी नव्हतं, पोरगी परत गेली होती. वैनी सपरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मला पाहून तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. चाबी नसताना चालू केला ते, पेचकस, रेस, पुढे दामटला ते, आपोआप बसला म्हणालो ते, आणि छाती जड होते म्हणून तुला जे बोललो ते. सगळं. तिचे हात थांबले नाहीत, तांदूळ निवडतच होती. माझं संपलं तेव्हा ती उठली, आत गेली, आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी आणून माझ्यासमोर ठेवलं.

मी सोडून पाहिलं. माझा पेचकस होता. पिवळ्या मुठीचा. तो चिखलात पडला असेल म्हणून मी मनातल्या मनात सुटलो होतो. मी तो ट्रॅक्टरलाच लावून विसरलो होतो, आणि तू चढला तेव्हा आमच्याकडे पाठ करून तोच काढला होता. वैनीने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवला होता.

"त्या दिवशी घरी आले, आंग धुतलं, अन् सदऱ्याच्या खिशातून हा काढून माझ्याजवळ देल्ला," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "म्हने, पुंड्याचा आहे. तो आपनहून सांगन, तवा देजो. अन् तो आला तं त्याच्याकडे पाहू नको म्हने. लाजून राह्यला तो."

मी पेचकस पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"मी नाई पाहिलं, भाऊ," ती म्हणाली. "त्यायनं सांगून ठेवलं होतं, म्हनून एकही दिवस नाई पाहिलं."

मग तिने तोंड वळवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. माझ्याच्याने ते पाहवलं नाही, शालिक. मी उठलो आणि सपरीच्या काठावर जाऊन बसलो, तिच्याकडे पाठ करून, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडलो. मागे ती उठली. चूल पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने माझ्या बाजूला चहाचा कप आणून ठेवला, कोरा. मी पहिला घोट जमिनीवर सांडला.